बुडापेस्टमध्ये गेम्सवाला पब क्रॉल करायचाय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न (आणि माझी उत्तरं)

मी मूळची नाशिकची, सध्या नोकरीसाठी जर्मनीत, आणि बुडापेस्टला आत्तापर्यंत चार वेळा जाऊन आले. त्यातल्या तीन वेळा पब क्रॉल केला, एकदा एकटीने, एकदा ऑफिसच्या दोन मुलींसोबत आणि एकदा माझा मावसभाऊ आला होता तेव्हा त्याच्या हट्टापायी. तेव्हापासून ओळखीतलं कोणी युरोपला निघालं की "ताई जरा सांग ना" असा मेसेज येतोच येतो, आणि प्रश्न दरवेळी तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, आता लिंक पाठवली की काम झालं.

पब क्रॉल म्हणजे नक्की काय असतं?

आपल्याकडे "आज बसायचं का?" असं विचारतात ना, म्हणजे एक टेबल, एक वेटर, चकणा, आणि बिल येईपर्यंत कोणी हलत नाही. हे त्याच्या बरोब्बर उलटं आहे, इथे बसायचं नसतं, चालायचं असतं. एक गाइड, वीस-तीस अनोळखी लोक (उन्हाळ्यात शनिवारी पन्नासच्या वर पण जातात), रात्री आठ-नऊला एका बारमध्ये जमायचं, तिथे तास दीड तास गेम्स, मग सगळी वरात दुसऱ्या बारमध्ये, मग तिसऱ्या, आणि शेवट एखाद्या क्लबमध्ये. तिकिटात सहसा गाइड, गेम्स, प्रत्येक ठिकाणी एखादा वेलकम शॉट आणि शेवटच्या क्लबची एन्ट्री असते. काही जण पहिल्या तासाला अनलिमिटेड बिअर किंवा वाइन देतात, त्याबद्दल खाली बोलते कारण खरी गडबड तिथेच होते.

पण मी आपापला पण चार बारमध्ये जाऊ शकतो की, पैसे कशाला द्यायचे?

जाऊ शकता. चौघं-पाचजण मित्र असाल तर खरंच देऊ नका. तिकिटातल्या दारूची किंमत लावत बसलात तर हिशोब कधीच जुळणार नाही, शॉट असतात ते पातळ आणि गोड. पैसे कशाचे द्यायचे तर अनोळखी माणसांशी बोलायला कारण मिळतं त्याचे. एकटा माणूस परक्या गावात बारमध्ये जाऊन शेजारच्या टेबलावर "हाय" म्हणेल का? मी तरी नाही म्हणत. पण कोणीतरी तुम्हाला लाल टीममध्ये टाकलं आणि समोर ब्राझीलची एक बाई आणि स्कॉटलंडचा एक सुतार उभा केला की पाच मिनिटांत तुम्ही एकमेकांच्या नावाने ओरडायला लागता. तेवढ्यासाठीच मी जाते.

बुडापेस्टच का? प्राग जास्त फेमस आहे ना?

प्रागने ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळात गाइड घेऊन फिरणाऱ्या पब क्रॉलवर बंदी आणली. लोकांच्या झोपेचं खोबरं होत होतं. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून प्रागचा प्लॅन केला असेल तर आधी चेक करा.

बुडापेस्टचं वेगळेपण म्हणजे रुइन बार, म्हणजे पडीक वाड्यातले बार. सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये, एर्झेबेतवारोशमध्ये, जुन्या पडायला आलेल्या इमारती होत्या, कोणी राहत नव्हतं, मग काही पोरांनी तिथे भंगारातलं फर्निचर टाकून बार काढले. सगळ्यात नावाजलेला सिंप्ला केर्त, २००२ ला सुरू झाला आणि २००४ पासून कझिन्त्सी रस्त्यावर जुन्या स्टोव्हच्या कारखान्यात आहे. आत अंगणात अख्खी त्राबांत (पूर्व जर्मनीतली जुनी छोटी कार) ठेवलीय जिच्यात बसून पिता येतं, बाथटब कापून सोफा केलेत, भिंतीवर इतकं लिहिलंय की रंग दिसत नाही. आपल्या जुन्या पुण्यातला एखादा वाडा, चौक, वरती गॅलरी, फक्त दिवे लाल-हिरवे आणि तुळशीवृंदावनाच्या जागी बिअरचा नळ, असं काहीसं डोळ्यासमोर आणा.

याच भागाबद्दल अजून एक गोष्ट आहे, ती क्रॉलवर शक्यतो कोणी सांगत नाही. हा बुडापेस्टचा जुना ज्यू मोहल्ला. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये इथेच घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती केली होती, हजारो माणसं कोंबली होती, जानेवारी १९४५ मध्ये सुटका झाली. दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) युरोपातलं सगळ्यात मोठं, १८५९ चं, आणि त्याच्या अंगणात त्या हिवाळ्यात मेलेल्या लोकांना पुरलंय. बारपासून ते पाच मिनिटांवर आहे. दिवसा जाऊन या आणि मग रात्री या, म्हणजे निदान त्या भिंतीला टेकून उलट्या करायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो. तिथे अजूनही लोक राहतात, वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या आज्या आहेत, २०१८ मध्ये तर बार रात्री बारानंतर बंद ठेवायचे का यावर तिथे मतदान झालं होतं, मतदान कमी झालं म्हणून ते लागू झालं नाही. गल्लीतून जाताना गाइड "शूऽऽ" करतो ते याच्यासाठी.

गेम्स कोणते असतात? मला काहीच येत नाही.

कोणालाच येत नसतं आणि ज्याला येतं त्याच्या टीममध्ये घुसायचं.

फ्लिप कप सगळ्यात भारी. लांब टेबल, दोन्हीकडे दोन टीम, प्रत्येकासमोर प्लास्टिकचा ग्लास आणि त्यात थोडी बिअर. पहिल्याने प्यायचं, ग्लास टेबलाच्या कडेवर ठेवायचा आणि बोटाने खालून टिचकी मारून उलटा उभा करायचा, तो तसा उभा राहिला की पुढच्याचा नंबर. खो-खोच समजा, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. लहानपणी टिचकीने गोट्या खेळलेला माणूस इथे राज्य करतो, माझ्या मावसभावाने तीन राऊंड एकट्याच्या जिवावर ओढले आणि नंतर दोन दिवस तेच सांगत होता.

बिअर पाँगमध्ये दोन्ही टोकांना दहा-दहा ग्लासांचा त्रिकोण, लांबून पिंगपाँगचा बॉल टाकायचा, ज्याच्या ग्लासात पडला त्याने प्यायचं. बॉल जमिनीवर लोळतो, मग त्याच ग्लासात पडतो. बघा बाबा. मी ग्लासांत पाणी भरायला सांगते आणि आपली बिअर बाजूला हातात ठेवते, बऱ्याच ठिकाणी तसंच खेळतात.

पत्त्यांचा किंग्ज कप असतो, ५२ पानं मध्ये पसरतात आणि प्रत्येक पानाचा एक नियम, नियम दर गावात बदलतात त्यामुळे भांडणं फुकट. "नेव्हर हॅव आय एव्हर" पण असतो, म्हणजे "मी कधीच अमुक केलं नाही" असं एकाने म्हणायचं आणि ज्याने केलंय त्याने घोट घ्यायचा. आपण लाजतो इथे. मी सरळ "मी कधीच बर्फात स्की केलं नाही" म्हणते, अर्धं टेबल पितं, मी नाही.

आणि एक लपलेला नियम, बफेलो. ग्लास डाव्या हातातच धरायचा, उजव्या हातात दिसला की सगळे "बफेलोऽऽ" ओरडतात आणि तुम्हाला ग्लास संपवावा लागतो. आपल्या डोक्यात उजव्या हाताने खाणं-पिणं इतकं बसलेलं असतं की पहिल्या रात्री माझी पार म्हैस झाली होती.

मी दारू पीत नाही. जाऊ का?

जा. मी एका क्रॉलला अँटिबायोटिक्स चालू असताना गेले होते, पूर्ण रात्र सोडा-लिंबू. सुरुवातीलाच गाइडला सांगायचं, तो गेममध्ये कोक किंवा पाणी देतो, कोणी डोळे वटारत नाही. पहिले दोन तास खरंच मजा येते, तिसऱ्या बारनंतर मात्र समोरचा तोच जोक चौथ्यांदा सांगतो आणि तुम्हाला आधीचे तीनही आठवत असतात. तेव्हा निघा. तिकीट तेवढंच पडतं, सूट मागून बघा, मला एकदा मिळाली.

प्यायचं तर काय प्यायचं?

पालिंका हे नाव ऐकणारच, फळांची दारू, जर्दाळू, प्लम, चेरी वगैरे. वास गोड येतो म्हणून फसू नका. कायद्याने कमीत कमी ३७.५ टक्के, पण ५० टक्क्यांची पण सर्रास मिळते. बारमध्ये ती २ सीएल किंवा ४ सीएल अशी ओततात, म्हणजे २० किंवा ४० मिली. आता हिशोब करा, आपल्याकडचा ३० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे त्यात साधारण १३ मिली शुद्ध अल्कोहोल, आणि इकडे ४० मिली पन्नास टक्केवाली म्हणजे २० मिली. एका घोटात दीड पेग गेला, पाणी नाही, बर्फ नाही, चकणा नाही. "फक्त दोन शॉट मारले गं" म्हणणारा मावसभाऊ तीन पेग पिऊन उभा होता हे त्याला दुसऱ्या दिवशी समजावलं.

उनिकुम नावाची काळी, कडू, काढ्यासारखी दारू गोल बाटलीत येते. आजीच्या किराइताच्या काढ्याची आठवण येईल. एकदा घ्या, फोटो काढा, विषय संपला.

मला सगळ्यात आवडतो फ्रोच. वाइनमध्ये सोडा. नाशिककर असून मी वाइनमध्ये सोडा घालते हे घरी कळलं तर वडील बोलायचे बंद होतील, पण हंगेरीत ही शंभर वर्षांहून जुनी गंमत आहे आणि प्रत्येक प्रमाणाला वेगळं नाव आहे. निम्मं-निम्मं म्हणजे किशफ्रोच, दोन भाग वाइन एक भाग सोडा म्हणजे नॉद्यफ्रोच, आणि उलटं, एक वाइन दोन सोडा, म्हणजे होस्सूलेपेश, अर्थ "लांब पाऊल". लांब रात्रीला हे लांब पाऊलच बरं. स्वस्त असतं, हातात ग्लास दिसतो, कोणी "तू पीत नाहीस का" विचारत नाही आणि बारा वाजता तुम्हाला स्वतःचं नाव आठवतं.

चिअर्स करताना काहीतरी चुकतं म्हणे?

हो, बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटायचे नाहीत. १८४८-४९ चा उठाव ऑस्ट्रियाने चिरडला आणि ६ ऑक्टोबर १८४९ ला अरादमध्ये हंगेरीच्या १३ सेनानींना मारलं. गोष्ट अशी सांगतात की तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास टेकवून आनंद साजरा केला, म्हणून हंगेरियन लोकांनी १५० वर्षं बिअरचे ग्लास टेकवणार नाही असं ठरवलं. मुदत १९९९ लाच संपली, तरुण पोरं आता टेकवतात पण, पण वयस्कर माणूस समोर असेल तर नुसता ग्लास उचला. वाइन आणि पालिंकाला चालतं. म्हणायचं "एगेश्शेगेद्रे", आणि नजरेला नजर द्यायची. चार बिअरनंतर हा शब्द नीट आला तर तुम्ही अजून शुद्धीत आहात.

शाकाहारी आहे, खायचं काय?

आधी जेवून जा हो. संध्याकाळी सातला, पोट भरून, भात-पोळी मिळत नसेल तर पास्ता खा, पण खा. क्रॉलमध्ये जेवायला वेळ देत नाहीत आणि चकणा ही संस्कृती तिकडे नाहीच, शेंगदाणे-मसाला पापड फुकट येतील म्हणून वाट बघत बसाल.

मध्यरात्री लांगोश खा, तळलेली जाड पुरी समजा, वर लसूण, आंबट क्रीम, किसलेलं चीज. सिंप्लाच्या शेजारीच फूड ट्रक्सचं अंगण आहे तिथे मिळतो, टुरिस्ट भाव आहे पण मध्यरात्री कोण भांडतंय. कडक शाकाहारी असाल तर कशात तळलाय ते विचारा कारण जुन्या पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. बारमध्ये "झीरोश केन्येर" दिसेल, ब्रेडवर पांढरं काहीतरी आणि वर कांदा-पॅप्रिका. ते लोणी नाहीये, चरबी आहे. माझ्या एका जैन मैत्रिणीच्या तोंडाजवळून मी ते हिसकावलंय. पोगाचा नावाची खारी बिस्किटं-बन असतात, चीजवाली घ्या, "तेपेर्तोश" लिहिलेली नको, त्यात पण डुक्कर.

एकटी मुलगी म्हणून सेफ आहे का?

मला कधी त्रास झाला नाही, पण मी काही गोष्टी सोडत नाही. ग्लास टेबलावर ठेवून नाचायला जात नाही, जायचंच असेल तर तो सोडून नवीन घेते. पहिल्या बारमध्येच एक-दोन मुलींशी ओळख करून घेते आणि सरळ म्हणते की आपण एकमेकींवर लक्ष ठेवू या, आत्तापर्यंत कोणी नाही म्हणाली नाही. गाइडला सांगितल्याशिवाय निघत नाही. लोकेशन घरी नाही (आई रात्रभर जागेल) पण बहिणीला शेअर केलेलं असतं. कोणी चिकटायला लागलं तर गाइड त्याला बाजूला घेतो, तो त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि जो गाइड हसून सोडून देतो त्याचा क्रॉल तिथेच सोडायचा. इमर्जन्सी नंबर ११२.

आणि मुलांनी काय सांभाळायचं?

मुलांनीच जास्त सांभाळायचंय. रस्त्यात दोन छान मुली पत्ता विचारतात, मग "इथेच एक मस्त बार आहे, चल ना", आत मेनूवर भाव नसतात, आणि बिल येतं तेव्हा दारात दोन पैलवान उभे असतात. हा प्रकार बुडापेस्टमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. रस्त्यावर कोणी बारमध्ये बोलावलं की नाही म्हणायचं, आणि भाव नसलेल्या मेनूवरून पाणीसुद्धा मागवायचं नाही.

अनलिमिटेड ड्रिंक्सवालं तिकीट घेऊ का?

"पैसे वसूल" हा आपला राष्ट्रीय आजार आहे. एका तासात अनलिमिटेड म्हटलं की आपण घड्याळ लावून पितो, आणि शरीर तासाला साधारण एक छोटं ड्रिंक पचवतं, बाकीचं रांगेत थांबतं. अर्धा लिटरची पाच टक्केवाली बिअर म्हणजे २५ मिली अल्कोहोल. तीन ढोसल्या तर पहाटेपर्यंतचं सामान झालं. माझ्या दुसऱ्या क्रॉलमध्ये एक धष्टपुष्ट पोरगा दुसऱ्या बारच्या पायरीवरच झोपला, क्लब त्याने बघितलाच नाही, पैसे वसूल झाले म्हणायचे तर कसे? नंतर दोघांनी त्याला हॉस्टेलवर सोडलं. त्या दोघांतली एक मी, त्यामुळे क्लब मीही बघितला नाही.

पासपोर्ट बरोबर ठेवायचा का? वय किती लागतं?

हंगेरीत १८. आपल्या महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्ड लिकरला २५ हे ऐकून तिकडचे लोक खूप हसतात. दारात ओळखपत्र मागू शकतात आणि आधार कार्ड दाखवून काही होत नाही, मी बघितलंय एकाला प्रयत्न करताना, बाउन्सरने उलटसुलट करून परत दिलं. मी पासपोर्ट आतल्या चेनच्या खिशात ठेवते आणि फोटो ईमेलवर. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा इन्शुरन्स काढलेला असतोच, पण त्यातली बारीक अक्षरं वाचा, दारू पिऊन पाय मोडला तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात.

पैसे कॅश की कार्ड?

कार्ड. हंगेरी युरोपियन युनियनमध्ये असली तरी चलन फोरिंट आहे, एका रुपयाला साधारण चार, म्हणून कुठलीही किंमत चारने भागा. मशीन विचारतं की युरो/रुपयात कापू की फोरिंटमध्ये, नेहमी फोरिंट. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असतो बऱ्याचदा, बघून मगच टिप द्या. गाइडला टिप द्यायची का? रात्री एक वाजता तीस टल्ली माणसं मोजणाऱ्या माणसाला दोन पैसे द्यावेत असं मला वाटतं.

रात्री परत कसं यायचं?

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, पण ६ नंबरची ट्राम रिंग रोडवरून रात्रभर चालते, पिवळी, भरलेली, अर्धी गाडी गाणी म्हणत असते. कागदी तिकीट असेल तर मशीनमध्ये पंच करा, नुसतं खिशात असून उपयोग नाही, चेकर रात्री पण येतात. टॅक्सी अ‍ॅपवरूनच बोलवा, दारात उभी असलेली नको. ई-स्कूटर दिसली की हात शिवशिवतात, पण हंगेरीत पिऊन गाडी चालवायला शून्य सहनशीलता आहे, शून्य म्हणजे शून्य. आणि हातात ग्लास घेऊन रस्त्यावर चालू नका, या भागात रस्त्यावर प्यायला बंदी आहे, गाइड दारातच ग्लास ठेवायला लावतो तो उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्याला शॉट. उतारा काय?

पाणी, मीठ-साखर, झोप. सगळे म्हणतात सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात जा, १९१३ चं आहे, पिवळी इमारत, फोटोत झकास. पण अंगातलं पाणी आधीच आटलेलं असताना गरम पाण्यात बसलं की चक्कर येते, मला आली. संध्याकाळी जा. बॅगेत इलेक्ट्रालची दोन पाकिटं आणि भाजलेले पोहे टाकून न्या, दोन्हीचं वजन काही नाही आणि सकाळी अकरा वाजता हॉस्टेलच्या किचनमध्ये तुम्ही राजा असता, ब्राझीलवालीने माझे पोहे "हे काय आहे" करत अर्धे संपवले.

घरी काय सांगू?

"वॉकिंग टूर" सांगा. खोटं नाहीये.

एकूण खर्च किती आला ते सांग ना.

मागच्या वेळचा सांगते, तिकीट आठ हजार फोरिंटच्या आसपास, म्हणजे दोन हजार रुपये, वरून तीन फ्रोच, एक बिअर, एक लांगोश, गाइडची टिप, ट्रामचं तिकीट, सगळं मिळून साडेचार हजार रुपयांच्या आत बसलं. फ्लिप कपमध्ये जिंकले म्हणून एक टीशर्ट मिळाला, एक्सएल साइजचा, तो आता वडील घालून मॉर्निंग वॉकला जातात आणि मागे काय छापलंय हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.